नलूचा बुवा आणि माझी उडी

मी संशयी नाही. फक्त माझा कोणावर विश्वास नाही. दूधवाल्यावर नाही, सोसायटीच्या अध्यक्षांवर नाही, हवामान खात्यावर तर नाहीच नाही.

त्यामुळे आमच्या नलूने, म्हणजे बायकोने, निवृत्तीनंतर "मी उद्यापासून योगाला जाणार" असं जाहीर केलं तेव्हा मी नुसतं "हं" म्हणालो. पण लक्ष ठेवलं.

योगाहून आली की केस ओले! "घाम," म्हणाली. कोथरूडला, ऐन थंडीत! डोळ्यांभोवती आणि नाकाखालून एक लालसर गोल वळ. "उशीचा," म्हणाली. उशी काय नाकाला वळसा घालून जाते? मग बाथरूममधून लांबलांब श्वासांचे आवाज यायला लागले. मी बाहेर नुसता उभा राहिलो तरी आतून "मी ठीक आहे!" (मी विचारलंच नव्हतं!)

खरा दणका बसला रविवारी. आम्ही कर्णिक. आमच्याकडे रविवारी मासे तळल्याचा वास आला नाही तर शेजारी चौकशीला येतात, कोण गेलं म्हणून. तर त्या रविवारी नलू कोळणीसमोर उभी राहिली, टोपलीतल्या गोबऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं, "अरेरे" म्हणाली आणि दोडकी घेऊन घरी आली.

"गोबरा कुठाय?"

"यापुढे गोबरा नाही आणायचा."

"का?"

"सांगेन नंतर."

दोडकी! रविवारी! माझी खात्रीच पटली. हिला कोणीतरी बुवा भेटलाय. श्वासाची साधना, मासे सोडले, तोंडावर शिक्का. सगळं जुळत होतं!

खालच्या मजल्यावर शेखभाई राहतात. पुण्याच्या लष्कर भागात त्यांचं घड्याळांचं दुकान आहे, आणि त्यांच्या रेहानाभाभी नलूबरोबरच 'योगाला' जातात. मी त्यांना गाठलं.

"कर्णिकसाहेब, खरं सांगू? आमच्याकडेही बिघडलंय. परवा जेवताना विचारलं, मटण शिजलंय ना? तर बोलली नाही. दोन बोटांचा गोल करून दाखवला!"

"बुवाच्या खुणा त्या!"

"पण बुवाकडे आमची कशाला जाईल?"

"अहो, हल्लीचे बुवा सगळ्यांना घेतात."

शेखभाई गंभीर झाले.

त्याच संध्याकाळी नलूला फोनवर बोलताना ऐकलं. "उद्या परीक्षा. पास झाले की मालवण, आणि थेट समुद्राच्या तळाशी! छे, यांना नाही सांगितलं. जाऊच देणार नाहीत."

जलसमाधी! चेष्टा बाजूला ठेवून सांगतो, ताट तसंच सोडून मी शेखभाईंकडे धावलो. नलू नसलेल्या घरात मी संशय तरी कोणावर घ्यायचा?

सकाळी दोघींच्या रिक्षामागे माझी स्कूटर. मागे शेखभाई, माझ्या डोक्यावर हेल्मेट. (पुण्यात वेषांतराला हेल्मेटसारखं काही नाही. घातलेला माणूस कोणी पाहिलेलाच नसतो!) रिक्षा थांबली ती पोहण्याच्या तलावाशी. दारावर रखवालदार.

"बुवा कुठाय?" मी दरडावून विचारलं.

"कसला बुवा? सर आहेत आत."

"बघा शेखभाई, सर म्हणवतो स्वतःला!"

आत धावलो. तलावाच्या तळाशी, काळ्या कपड्यांत, मांडी घालून, नलू आणि रेहानाभाभी! हालचाल नाही. भोवती रंगीत माशांची चित्रं मांडलेली. काठावर एक दाढीवाला शांतपणे बघत उभा.

"शेखभाई, समाधी लागली!"

"पण साहेब, बुडबुडे येताहेत…"

"शेवटचे असतील!"

आणि मी उडी मारली. आपल्याला पोहता येत नाही, हे मला हवेत आठवलं.

हेल्मेटमध्ये भसाभस पाणी शिरलं. मी हातपाय झाडत होतो तोच कोणीतरी मागून मला धरून वर खेचलं. "सोड, बुवा!" मी ओरडलो.

"अहो, हात खाली! तोंड वर! गप्प पडून राहा!"

हा आवाज मी आयुष्यभर ऐकत आलोय. गप्प पडून राहिलो.

काठावर आल्यावर दाढीवाला कडाडला, "काका, परीक्षा चालू होती! त्यांनी वर यायचं नव्हतं!"

नलूने पाठीवरची हवेची टाकी उतरवली, डोळे-नाक झाकणारी मोठी काच काढली. खाली तोच गोल वळ. "घातलात ना गोंधळ? मालवणच्या खडकांतले मासे मोजायला तिथल्या शास्त्रज्ञांना पाणबुडे हवेत. पगारबिगार नाही, हौसेचं काम. मोठे गोबरे कमी होत चाललेत हो. मला जायचं होतं…" तिचे डोळे भरून आले.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही या सरांच्या आईवडिलांना भेटून आला असता!"

(आलोच असतो!)

मी गळत्या शर्टानिशी हात जोडले. "सर, मला पाहिजे तर परत पाण्यात टाका, पण हिला पास करा."

सरांना हसू आवरेना. "अहो, बुडणाऱ्याला काठावर आणणं हा परीक्षेचा शेवटचा भाग. रोज या एकमेकींना ओढतात, पण इतका मनापासून घाबरलेला माणूस आम्हाला मिळतो कुठे? काकू पास!"

रेहानाभाभी अजून तळाशीच बसून होत्या. त्यांनी तिथूनच बोटांचा गोल करून दाखवला. पाणबुड्यांच्या भाषेत म्हणे, सगळं ठीक!

मालवणला मीही गेलो. होडीवाल्यावर लक्ष ठेवायला कोणीतरी हवंच होतं. नलू पाण्यातून वर आली ती हसतच.

"अहो, केवढा मोठा गोबरा दिसला! कपारीत बसलाय, नुसतं तोंड बाहेर. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाकडे डोळे वटारून बघतो. कोणावर म्हणून विश्वास नाही!"

"मग?"

"मग काय, आम्ही त्याचं नाव ठेवलं, कर्णिक."

आता तिथली मंडळी दर फेरीला "कर्णिक आहे ना जागेवर?" म्हणून विचारतात. काळजीने मीही विचारतो. आणि रविवारी बाजारात गोबरा दिसला, की मी खाली मान घालून दोडकी घेतो. स्वतःलाच तळून खायचं म्हणजे जरा जडच जातं हो!