लाल वर्तुळातलं नाव

ती घटना मी इतकी वर्षं विनोद म्हणून सांगत आले, शेवट गाळून. आज शेवटासकट लिहिते.

एकाहत्तरचं युद्ध नुकतंच थांबलं होतं. नगरला लष्कराची छावणी असल्यामुळे अनोळखी माणसांवर नजर ठेवण्याच्या सूचना होत्या. मी नवीन फौजदार, ठाण्यातली एकटी बाई. इस्त्री मोडेल म्हणून खुर्चीला पाठही टेकत नसे. शहरात एवढा बंदोबस्त, पण माझ्या हाती एकही हेर लागेना, याचं मला मनापासून दुःख होतं.

एका सकाळी एका लॉजचा मॅनेजर रजिस्टर घेऊन आला. "बाई, मुंबईचा एकजण उतरलाय. पेटीत भोकं पाडलेली कार्डं हायेत. कॉलेजातल्या पोरापोरींना बोलवून कसले तरी आकडे लिवून घेतो."

पंचांसमक्ष झडती घेतली. कार्डं निघाली, आकड्यांचे कागद निघाले. एका कागदावर काष्टीच्या एका विद्यार्थिनीचं नाव होतं आणि त्याभोवती लाल वर्तुळ.

"मास्तर दिसतोय, बाई," आमचे म्हातारे हवालदार म्हणाले.

"हेर असेच दिसतात." तोवर मी एकही पाहिला नव्हता.

त्या गृहस्थांना ठाण्यात बसवलं. ते शांतपणे सांगत राहिले, "कंपनीने कॉम्प्युटर घेतलाय. त्याला या भोकांच्या कार्डांवर कामं लिहून देणारी माणसं हवीत. ती शोधायची कुठे? कुठल्या कॉलेजात हे शिकवत नाहीत. जाहिरात दिली तर टायपिस्टांचे अर्ज येतात. म्हणून गावोगाव गणिताच्या प्राध्यापकांना विचारतो, कोडं सुटेपर्यंत जागचं न उठणारं तुमच्याकडे कोण आहे? मग त्या मुलांना बोलवून गणितं घालतो."

"छान पाठ केलंय," मी म्हणाले.

मुंबईला ट्रंक कॉल लावला, पण तो लागेपर्यंत धीर कुणाला? मुलगी सुट्टीला गावी गेल्याचं कळलं. गणवेश, जीप, दोन शिपाई अशी वरात घेऊन मी काष्टीला गेले. नेमका बाजाराचा दिवस. घर मला ठाऊक नव्हतं, म्हणून भर बाजारात नाव घेऊन विचारलं. आमची पद्धतच तशी होती.

वडील बैलांची पेंड टाकून धावत आले. "बाईसाहेब, पोरगी गनितात हुशार हाय. त्यो काय गुन्हा हाय व्हय?"

जबाब घेतला. मुलगी कागदाबद्दल सगळं खरं सांगत होती. मला ते पढवलेलं वाटलं.

ठाण्यात परतले तर कॉल लागून गेला होता. गृहस्थ खरे, कंपनी खरी, कॉम्प्युटरही खरा. "आणि हे लाल वर्तुळ?" मी विचारलं.

"निवड," ते म्हणाले. "तीन जिल्हे फिरलो. एवढी एकच सापडली."

त्यांनी रागाचा शब्द काढला नाही. नेमणुकीचं पत्र लिहून माझ्याच हाती दिलं. बंदोबस्तातून सवड मिळायला आठवडा गेला; या वेळी मी साडी नेसून एसटीने गेले. वडिलांनी पत्र वाचलं, नीट घडी घालून परत केलं.

"बाई, तुमी चांगल्या हाय. पन बाजारानं जीप बघितलीया. आता पोरगी म्हमईला गेली तर लोक काय म्हनतील? परवा सुपारी फोडली. जामखेडचं स्थळ हाय."

मी समजावलं, हात जोडले. ते नुसते मान हलवत राहिले. मुलगी एसटीपर्यंत पोचवायला आली. रडेल, मला बोल लावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "बाई, शेवटचं गणित मी दोन रीतींनी सोडवलं होतं. त्यांना कुठली आवडली?"

त्या माणसाला मी इतके प्रश्न विचारले होते. हा एक विचारला नव्हता.

स्टेशन डायरीत मी लिहिलं, "संशय निराधार. चौकशी बंद." पुढे कित्येक मोठे गुन्हे उघडकीस आणले, शाबासक्या घेतल्या. पण चौकशीला कुणाच्या गावी जायचं असलं की साध्या कपड्यांत गेले, आणि बाजाराचा दिवस टाळला. हाताखालच्यांना वाटे, बाई फार चतुर आहेत. वाटू दिलं.