रामटेकची टेप आणि ती बाई

प्रेमानंदाला किळस यायला फार काही लागत नसे. तर्री-पोह्याच्या गाडीवर त्याचा जुना दोस्त देवराव रस्सा भुरकायचा, त्याची किळस. वरातीतल्या डीजेची किळस. मोबाईल उंच धरून अर्धं गाणं चित्रात घेणाऱ्यांची तर इतकी, की तो उठून जायचा. टपाल खात्यात जन्मभर पत्रांची छाटणी केलेला माणूस. निवृत्त झाल्यावर जगाची छाटणी करायला घेतली आणि बहुतेक जग त्यानं नापास केलं.

पास होता एकच, धोंडबा गायक. वीस वर्षांपूर्वी गेला. त्याच्या पार्टीनं भीमगीतं म्हणत सगळा विदर्भ पालथा घातला होता. धोंडबाचं कुठलंच गाणं दुसऱ्या गावी तेच राहत नसे. ‘पायी निघाली वस्ती’ हे छप्पन सालच्या धम्मदीक्षेला चालत आलेल्यांचं गाणं कुठं दहा मिनिटांत आटपायचं, कुठं तासभर चालायचं. समोर माणसं कोण बसलीत ते बघून तो नव्या ओळी जोडायचा, ढोलकीवाल्याला खेळवायचा आणि मूळ गाणं विसरलं की काय असं वाटेपर्यंत लांब जाऊन बरोबर धृपदावर येऊन उतरायचा. म्हणून त्याच्या भक्तांत वाद गाण्याचा नसे, गावाचा असे. देवरावकडे कामठीची टेप होती. प्रेमानंदाकडे रामटेकची, स्वतः मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन केलेली.

“कामठीत आवाज कसा मोकळा हाय, पाह्य गा,” देवराव म्हणायचा.

“मोकळा? तुह्या टेपमंदी लोकं खोकलून राहिले नुसते! दवाखान्यात गायला होता का धोंडबा?”

“अन् तुही ती बाई?”

इथं प्रेमानंद वैतागून उठायचा. रामटेकच्या टेपमध्ये एक कडवं होतं, ते दुसऱ्या कुठल्याच टेपमध्ये नव्हतं:

थांब वं कारभारणी, पिठाचं मागून पाहू,
आज माणूस झालो, ते तं आधी गाऊ.

ऐकताना अंगावर काटा यायचा. कारभारणी म्हणजे समस्त संसार, असा प्रेमानंदानं त्याचा अर्थ लावला होता आणि दिसेल त्याला तो समजावून सांगायचा. पण नेमकी त्याच्या आधी, धोंडबा श्वास घ्यायला थांबतो तिथं, मागून कुणी बाई कर्कश किंचाळते. काय बोलते ते ढोलकीत कळत नाही. तीस वर्षं प्रेमानंदानं त्या बाईला शिव्या दिल्या. दुधात मिठाचा खडा टाकावा तशी ती त्याच्या टेपमध्ये पडली होती. “गावंढळ बाई! घरी बसाव, नाही तं तोंड तरी बंद ठेवाव!” चौकाचौकात त्यानं हे सांगितलं.

यंदा विहारात धोंडबाचा स्मृतिदिन करायचं ठरलं. एकच टेप वाजणार, आणि कोणती ते धोंडबाची बायको पार्वतीबाई ऐकून सांगणार. प्रेमानंदाची झोप उडाली. कामठीची टेप लागली तर देवराव मरेपर्यंत ऐकवेल, आणि इतक्या वर्षांची आपली पारख मातीत जाईल.

धंतोलीच्या एका पॅथॉलॉजीत कामाला असलेल्या पायलला, आपल्या पोरीला, त्यानं टेप लॅपटॉपवर उतरवायला लावली.

“हे बाईचं तेवढं काप.”

“राहू द्या ना बाबा. जिवंत वाटते.”

“घाण हाय ते, घाण! दवाखान्यात तुमी घाण ठेवता का?”

पायलनं कापलं. नंतर मूळ टेप परत ऐकायला लावली तर ती म्हातारी टेप यंत्रात गुरफटून तुटली. न कापलेली प्रतही लॅपटॉपमध्ये उरली नव्हती, बापानंच पुसायला सांगितली होती. प्रेमानंदानं टेपची गुंता झालेली फीत कचऱ्यात टाकली आणि बला टळली म्हणून हात धुतले.

रविवारी विहारात आधी कामठीची टेप लागली. पार्वतीबाई पासष्टीच्या पुढच्या. पदर डोक्यावर घेऊन, डोळे मिटून ऐकत होत्या. लोक खोकले की प्रेमानंद नाक मुरडायचा. मग रामटेक लागलं. स्वच्छ, एक डाग नाही. धोंडबानं श्वास घेतला आणि थेट कडव्यावर आला. देवरावचा चेहरा पडला. प्रेमानंदानं मिशीवर हात फिरवला.

पार्वतीबाईंनी डोळे उघडले.

“वापस लाव गा.”

पायलनं पुन्हा लावलं.

“हे रामटेकचंच ना? माहं माहेर हाय ते. तेवढ्या एकाच कार्यक्रमाले गेलती मी. घरी पीठ नव्हतं, पोरगं कडेवर रडे, अन् हे गाऊनच राहिले. मंग मी मागून वरडली, ‘पीठ नाई घरात, सकाळी काय खासान?’ लोकं हासले. त्याचा जवाब देल्ला यायनं गाण्यात.” त्या हसल्या आणि मग स्पीकरकडे बघत राहिल्या. “पण हे कोणाशी बोलून राहिले इथं? माही हाक कुठं गेली?”

पायल बापाकडे बघत होती. देवरावला आज जिंकायचं होतं, पण तोही मान खाली घालून सतरंजीचा दोरा उपसत बसला.

या खेपेला प्रेमानंदाला दुसऱ्या कुणाची नव्हे, स्वतःचीच शिसारी आली. कचऱ्यात फीत टाकणारा आपला हात त्याला मांडीवर नकोसा झाला.

“मीच कापली, माय,” तो म्हणाला.

“काहून?”

उत्तर तयार होतं, तीस वर्षं घोकलेलं. पण त्यातली ती गावंढळ बाईच समोर बसली होती.

पार्वतीबाई रागावल्या नाहीत. पदर नीट करत म्हणाल्या, “यायनं तं मले भर सभेत बी कधी गप नाई केलं गा.”