यादीतलं एकच नाव

भिकाजी मयेकर आरोग्यसेवक होते. कट्टा गावापासून आत, डोंगराच्या कुशीतल्या पाच वाड्या त्यांच्याकडे. तीस वर्षं त्यांनी या वाड्यांतून तापाचे रक्तनमुने घेतले, विहिरींत औषध टाकलं, पोरांना डोस पाजले. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगी रसिका लग्न होऊन डोंबिवलीला. उपकेंद्रामागच्या दोन खोल्यांत ते एकटेच राहत.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये कोरोनाची दुसरी लाट आली आणि त्यांच्याकडे नवीन काम आलं. कोणी आजारी पडला की त्याच्या घरी जायचं. ताप यायच्या आधीचे दोन दिवस आणि नंतरचे दिवस तो कोणाकोणाला भेटला, हे विचारायचं. त्या प्रत्येकाचं नाव लिहायचं आणि चौदा दिवस त्या नावांवर नजर ठेवायची. त्यातले किती आजारी पडले, ते पुढच्या रकान्यात.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर नम्रता तरुण होत्या. त्यांनी एकदा भिकाजींना समोर बसवून कागदावर गोल काढून दाखवले. एका गोलातून दोन रेघा, दुसऱ्यातून एकही नाही.

"मयेकरभाऊ, एका माणसामुळे सरासरी किती जणांना लागण होते, ते यातून कळतं. आकडा एकाच्या वर असला तर साथ वाढते, खाली आला की ओसरते. आपल्या भागात आत्ता एक पूर्णांक तीन आहे."

भिकाजींनी कागद निरखून पाहिला. बहुतेक गोलांतून रेघच निघत नव्हती. मधल्या वाडीतल्या एका हळदीला मुंबईहून आलेला पाहुणा होता, त्याच्या एकट्याच्या गोलातून अकरा रेघा होत्या.

"मग ही सरासरी कुणाची?" त्यांनी विचारलं.

"कुणाचीच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आणि हा आकडा नुसता रोगाचाही नाही. माणसं किती भेटतात, किती वेळ, बंद खोलीत की उघड्यावर, त्याचाही आहे. म्हणून तुमची यादी नीट हवी. यादी खोटी तर आकडा खोटा."

यादी नीट मिळवणं सोपं नव्हतं. नाव दिलं की शेजाऱ्याला घरात कोंडतात, म्हणून लोक नावं लपवत. भिकाजी वाडीच्या वळणावर दिसले की दारं लागत. ज्यांच्या पोरांना त्यांनी पहिला डोस पाजला होता, ते खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, पलीकडून हात हलवून सांगत, "आमच्याकडे कोण नाय हां आजारी." भिकाजी खळ्याबाहेरच उभे राहून, मास्क न काढता दोन प्रश्न विचारत आणि पुढे चालू लागत. दिवसभर तीसेक घरं फिरून एक तांब्या पाणीही कोणी देत नसे.

एका घरी तसं नव्हतं. काजूच्या बागेपल्याड काशीबाई एकट्या राहत. वय सत्तरच्या पुढे, गुडघे गेलेले, मुलगा धनेश विरारला. भिकाजी दर दुसऱ्या गुरुवारी त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन जात.

"भायर उभो कित्याक? भितर ये, बस," त्या म्हणत. मग कोरा चहा होई. भिकाजी मास्क गळ्याशी ओढून तो पीत आणि अर्धा तास बसत. आपण लशीचे दोन्ही डोस घेतलेत, आपल्याला काही होणार नाही, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

अशाच एका गुरुवारनंतर शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा घसा खवखवला. उन्हात फिरून होतं तसं, म्हणून त्यांनी सोडून दिलं. शनिवारी चुलीवर भात करपला, ते धूर दिसल्यावर त्यांना कळलं. वास आलाच नव्हता. घरात दुसरं माणूस असतं तर म्हणालं असतं, "अहो, करपलंय, तुम्हाला कळत नाही?" तसं म्हणायला कोणी नव्हतं. त्यांनी वरचा भात काढून खाल्ला आणि सोमवारी पुन्हा वाड्या फिरले.

बुधवारी धनेशचा फोन आला. "भाऊ, आई फोनवर खूप खोकता. वायच बघून येशात?"

काशीबाई ओटीवर भिंतीला टेकून होत्या. अंग तापलेलं, धाप लागलेली. भिकाजींनी रुग्णवाहिका बोलावली आणि ती येईपर्यंत सवयीने वही उघडली.

"काकी, पंधरा दिवसांत खंय गेल्लंस?"

"खंय जातलंय? पाय आसत माका?"

"मगे कोण इल्लो?"

"धनेशाचे फोन येतत. माणूस कोण येवक नाय." त्या थांबल्या, दम घेतला. "तू इल्लंस. बेस्तरवारी."

भिकाजींचं पेन थांबलं. गुरुवार, शुक्रवारचा घसा, शनिवारचा भात. रुग्णवाहिकेमागून ते स्वतःच्या मोटरसायकलवर केंद्रात गेले आणि डॉक्टरांना म्हणाले, "माझापण नमुना घ्या."

दोघांचेही अहवाल पॉझिटिव्ह आले. काशीबाईंच्या फॉर्मवर 'कोणाकडून' या रकान्यात भिकाजींनी स्वतःचं नाव घातलं.

डॉक्टर नम्रता फोनवर म्हणाल्या, "अज्ञात लिहिलं तरी चालतं. पुष्कळ ठिकाणी तसंच आहे."

"यादी खोटी तर आकडा खोटा, तुम्हीच म्हणालात."

मग दोन खोल्यांत कोंडून घेऊन त्यांनी स्वतःची यादी केली. बुधवारपासून बुधवारपर्यंत शंभराच्या वर घरं. सगळी खळ्याबाहेरून, मिनिटभर, मास्क लावून. डॉक्टरांनी त्या सगळ्यांवर चौदा दिवस लक्ष ठेवलं. कोणीही आजारी पडलं नाही. शेवटी कागदावर जवळच्या संपर्कातलं नाव एकच उरलं. इतरांच्या याद्या चाळीस-चाळीस नावांच्या होत्या: भाऊ, जावा, क्रिकेटची पोरं, भजनी मंडळ. बाधित किती, तर एक. एवढं बरं झालं, असं डॉक्टर म्हणाल्या. भिकाजींनी कागदावरचं ते एक नाव पुन्हा वाचलं. एवढ्या वर्षांत ज्याच्यासमोर बसून चहा प्यावा असं माणूस एकच, आणि त्यालाच आपण ताप दिला.

काशीबाई बावीस दिवसांनी ऑक्सिजनवरून सुटून घरी आल्या. भिकाजी खळ्यातच उभे राहिले आणि सांगून टाकलं, "काकी, तुका ताप माझ्याकडसून इलो."

"माका म्हायत आसा," त्या म्हणाल्या. "दुसरो येवचो खंयसून? कोण येता हंय?" आवाजात राग नव्हता. त्यामुळे भिकाजींना जास्तच लागलं.

"आता मी भायरच बसतलंय."

"बस. पण बस."

जूनच्या सुरुवातीला धनेश गाडी करून आला आणि आईला विरारला घेऊन गेला. जाताना काशीबाईंनी भिकाजींना उरलेल्या गोळ्यांची पाकिटं परत दिली, कोणाला तरी लागतील म्हणून.

पुढे गोवराच्या बातम्या आल्या, तेव्हा नव्या आरोग्यसेविकांना यादी करायला शिकवायचं काम डॉक्टरांनी भिकाजींकडे दिलं. गोवराचा एक रोगी, कोणालाच लस नसेल तर, बारा-पंधरा जणांना देतो, हे त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "फॉर्म भरताना पहिला प्रश्न स्वतःला विचारा, या घरी मी कधी आले होते." एक मुलगी हसली, तिला ती गंमत वाटली. त्यांनी समजावलं नाही.

दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. रसिका डोंबिवलीला बोलावते, ते आज-उद्या करतात. काजूच्या बागेपल्याडचं घर बंद आहे. गुरुवारी त्यांना आता कुठे जायचं नसतं.