संध्याकाळी वाजलेली बेल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण तुम्ही आण्णांना ओळखत नव्हता. दुसरं काही कारण नाही.

आण्णा म्हणजे माझे वडील. शिवाजी पेठेत आमचं अरुंद, तीन मजली घर. खाली आण्णा, वर मी आणि माझी बायको वैशाली. आण्णांनी आयुष्यभर कारखान्यात लेथ चालवला आणि उरलेला वेळ फुटबॉल बघितला. जुन्या सामन्यात गोल कुणी मारला यावरून चौकात वाद झाला, की लोक त्यांना विचारायला यायचे. ते म्हणतील ते शेवटचं. वय ब्याऐंशी, गुडघे गेलेले, पण डोकं लख्ख.

मी एका कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळतो. त्यामुळं घरातलं वायफाय ही माझी जहागीर. एका राउटरवर तीन मजले भागेनात, म्हणून मी मेश बसवला — प्रत्येक मजल्यावर एक पांढरा डबा, तिन्हींचं मिळून एकच नेटवर्क. आई गेल्यावर आण्णांच्या बाथरूममध्ये एक बटणही लावलं. ते दाबलं की माझ्या आणि वैशालीच्या मोबाइलवर बेल वाजायची. ती शाळेत शिकवते, मी कॉलेजात. दिवसभर आण्णा एकटे. सगळी भिस्त त्या बटणावर. ते वायफायवर चालायचं, आणि जुन्या पद्धतीचं होतं. हे मला माहीत होतं का? होतं.

एका शनिवारी दुपारी राउटरचं नवं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, आलं. मी ते चढवलं. झाल्यावर ॲपनं विचारलं — सुरक्षा कुठली हवी? जुनी आणि नवी दोन्ही चालतील अशी, की फक्त नवी, डब्ल्यूपीए-थ्री? खाली बारीक अक्षरात इशारा होता : जुनी उपकरणं जोडली जाणार नाहीत. कॉलेजात मीच सगळ्यांना सांगत फिरायचो, की सगळ्यात कडक असेल तेच निवडा. मग माझ्याच घरात ढिलं कसं ठेवणार? मी 'फक्त नवी' निवडली.

पाच मिनिटांनी मोबाइलवर एक ओळ आली. बाथरूमचं बटण ऑफलाइन.

मी ती वाचली. इथं मला नीट सांगायला हवं, कारण पळवाट इथूनच फुटते. ती नजरचूक नव्हती. मी वाचली, अर्थ कळला, आणि बोटानं बाजूला सारली. वैशाली चहाला हाक मारत होती. नंतर बघू म्हटलं. रविवारी राहिलं. सोमवारी —

सोमवारी अकराच्या सुमाराला आण्णा बाथरूममध्ये पडले. दोन वाजता वैशाली शाळेतून आली तेव्हाही ते फरशीवरच होते. खुब्याचं हाड मोडलेलं, मोबाइल बाहेर कॉटवर. तीन तास. मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा स्ट्रेचरवरून त्यांनी मला पहिलं तेच सांगितलं.

"बटण दाबलंतं मी. दोनदा दाबलंतं. कोण आलंच न्हाय."

इथवरचं कदाचित कुणालातरी सांगता आलं असतं. माणूस विसरतो, आळस करतो. पण मी त्यानंतर काय केलं? बाहेरच्या बाकावर बसून ॲप उघडलं आणि सेटिंग पूर्वीसारखं करून टाकलं. मिनिटभरात बटण परत जोडलं गेलं. मग ती ऑफलाइनची नोंद पुसली. अवघड गेलं का? नाही. रोजचंच काम होतं.

संध्याकाळी माझी थोरली बहीण नेसरीहून आली. ताई स्वभावानं फटकळ. स्वतः बघितल्याशिवाय तिला काही पटत नाही. आण्णांचे कपडे आणायला ती घरी गेली आणि मुद्दाम ते बटण दाबून बघितलं. इकडं वॉर्डात माझ्या खिशात बेल वाजली. ती परत आली ती बोलतच आली.

"वाजतीय की बेल. आण्णा, तुम्ही दाबलंच नसंल."

"दाबलंतं की गं."

"मग तवा वाजली न्हाय आणि आत्ता कशी वाजली?"

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. यातलं घरात मलाच कळतं ना.

"व्हय काय रं? वाजतीय?"

काय अडचण होती? एक वाक्य होतं. समोर बायको होती, बहीण होती, शेजारच्या खाटेवर एक अनोळखी माणूस होता — आणि मी कॉम्प्युटरवाला होतो.

"वाजतीय, आण्णा," मी म्हणालो. "पडल्यावर माणसाला नीट आठवत न्हाय."

आण्णा उजव्या हाताचं बोट डाव्या हातानं चोळत राहिले.

हाड जुळलं. दोन महिन्यांनी वॉकर धरून चालायला लागले. चौकातले दोघे एका जुन्या फायनलचा वाद घेऊन भेटायला आले. आण्णा म्हणाले, "मला इचारू नका. माझं आता खरं नसतंय." त्या दोघांना ती थट्टा वाटली, ते हसले. मी चहा घेऊन दारात उभा होतो. चहा दिला.

ताईनं आग्रह धरला म्हणून डॉक्टरांना दाखवलं. वार, महिना, शंभरापासून उलटे आकडे — आण्णांची सगळी उत्तरं बरोबर. स्मरणशक्ती उत्तम आहे, डॉक्टर म्हणाले. येताना रिक्षात आण्णा माझ्या कानाशी वाकले.

"त्यांला काय ठावं? ते बटण दाबल्यालं मला आजून दिसतंय. बोटाला गार लागलंतं. आन् ते झालंच नव्हतं. मग बाकीचं तरी खरं कशावरनं?"

रिक्षा सिग्नलला थांबली होती. आम्ही दोघंच होतो. सांगायला याहून बरी जागा कुठली मिळणार होती? मी रिक्षावाल्याला म्हणालो, डावीकडनं घ्या.

त्यानंतर ते दीड वर्ष जगले. काहीही आठवलं की आधी मला विचारून घ्यायचे. सकाळची गोळी घेतली न्हवं मी? दूधवाला येऊन गेला न्हवं? एकदाही चुकले नाहीत. मी 'होय' म्हटलं की निवांत व्हायचे.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला जवळ बोलावलं.

"तुझी आई गेली तवा मी तिच्याजवळच हुतो न्हवं? का ते बी मला नुसतं वाटतंय?"

होते. तिचा हात त्यांच्याच हातात होता. मी बघितलंय.

"होता, आण्णा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. स्वतःच्या आठवणीपेक्षा त्यांना माझा शब्द खरा वाटत होता.