होडीवरची लुंगी

पोराबाळांसमोर मी कधी बिडी ओढली नाही, हे छातीवर हात ठेवून सांगतो. समोर पोर आलं की मी पाठ फिरवून ओढायचो.

सून सातव्या महिन्यातच बाळंत झाली. नात दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. श्वास घेताना तिची एवढीशी छाती आत जायची. नर्सबाईंनी तिला गुंडाळायला मऊ सुती कापड मागितलं. आमच्याकडे नव्या बाळाला नवं कापड लावत नाहीत, घरातल्या मोठ्या माणसाचं जुनं लावतात. घरात मोठा मीच. मासेमारीला जाताना होडीवर नेसायची माझी लुंगी धुतली, कडक उन्हात वाळवली आणि ऐटीत बाईंच्या हातात दिली.

बाईंनी ती नाकाशी नेली आणि लगेच परत केली.

"आजोबा, बिडी ओढता ना?"

"भायर ओढतंय, बाई. आनि लुंगी धुतलेली आसा."

"धूर गेला तरी त्याचा अंश कपड्यांना, हातांना चिकटून राहतो. धुऊनही सगळा जात नाही. हिला आधीच श्वास पुरत नाहीये. तुम्ही लांबूनच बघा."

सून माझ्याकडे बघेना. लाजेनं मला लुंगी कुठे लपवू असं झालं. ती काखेत दाबली आणि सवयीनं बोलून गेलो, "म्हंजे आता माकाच भिजत घालूक व्हया!"

कोणी हसलं नाही. बायकोनं काखेतली लुंगी ओढून घेतली.

"तुमच्या मस्करेन पोरीक श्वास येवचो नाय. भायर जावा आधी."