आधी बेड्यावर

शाळेत नवी पुस्तकं आली की त्यातली कोणती वर्गात ठेवायची, हे बाई ठरवायच्या. पुस्तकातली चित्रं, त्याला मिळालेली बक्षिसं सांगून उपयोग नसे. पदरानं चष्मा पुसत त्या म्हणायच्या, "ज्यायची गोष्ट हाय, त्यायले पहिले वाचून दाखवू. मंग पाहू."

एका वर्षी पारधी मुलाच्या गोष्टीचं देखणं पुस्तक आलं. मी तेव्हा सहावीत; मला ते फार आवडलं होतं. रविवारी बाई मला घेऊन तळेगावाबाहेरच्या पारधी बेड्यावर, त्यांच्या वस्तीवर, गेल्या. बाभळीखाली बसून त्यांनी ते सावकाश वाचलं. गोष्टीतला मुलगा तितर धरतो, जंगल ओळखतो, शेवटी गावाला वाघापासून वाचवतो. माणसं हसली, तितर धरायच्या फाशाच्या चित्रातल्या चुका दाखवू लागली. आमच्या सहावीतल्या एका मुलीची आई मात्र चित्रातल्या मुलाकडेच पाहत होती.

"काऊन वो, आवडली नाई?" बाईंनी विचारलं.

"चांगली हाय," ती म्हणाली. "पन माही पोरगी तुमच्या शाळेत येते. यातलं पोरगं शाळेत काऊन नाई जात?"

बाईंनी चष्मा पुसला आणि पहिल्यापासून एकेक पान पुन्हा उलटलं, एखाद्या पानावर शाळा राहून गेली असेल अशा आशेनं.