ससाण्याचा फोटो आणि हसनचाचांची सुट्टी

जिथे परवाने निघतात तिथे किस्से आपोआप साठतात. आमच्याकडे तर त्यात कुवेतचं युद्ध आलं, मग काय विचारता! सौदीत रास तनुराच्या रस्त्यावर आमच्या कफीलचं, म्हणजे व्हिसा देणाऱ्या अरब मालकाचं, छोटं ऑफिस होतं. लोकांना शिकारीचे परवाने काढून द्यायचे, हाच धंदा. अर्ज भरायचो मी आणि दापोलीचे हसनचाचा. नियम म्हणजे चाचांचा जीव की प्राण!

*

एकाने अर्जावर ससाण्याचा फोटो चिकटवून आणला. चाचा म्हणाले, "फोटो शिकाऱ्याचा हवा."

तो म्हणाला, "मग? शिकार हाच करतो. मी नुसती जीप चालवतो!"

*

एक अमेरिकन सोल्जर आला. गावी त्याचा रानटर्कीच्या शिकारीचा सीझन हुकत होता, म्हणून इथलं लायसन्स हवं. टर्कीला बोलवायची शिट्टी त्याने ऑफिसातच वाजवून दाखवली. बाहेर शेजाऱ्याच्या बकऱ्या ओरडायला लागल्या!

चाचा शांतपणे म्हणाले, "टर्की इथे नाही. आणि बकऱ्यांना मालक आहे."

*

एकदा भर दुपारी सायरन वाजला. आम्ही धडपडत गॅस मास्क चढवले. समोरचा म्हातारा मात्र हातावरच्या ससाण्यासाठी मास्क मागत बसला.

"त्याच्या डोळ्यांवर टोपी आहे ना बाबा," चाचा मास्कमधूनच ओरडले, "त्याला युद्ध दिसतच नाही! तू घाल आधी!"

*

मग लष्कराने वाळवंट बंद केलं आणि परवाने खलास. नेमका तेव्हाच आमच्या कफीलला शिकारीचा झटका आला. चाचांनी सुट्टी मागितली होती, पण पासपोर्ट कफीलच्या ड्रॉवरमध्ये. तो म्हणाला, "आधी माझा परवाना, मग तुझी सुट्टी!"

गावी चाचांच्या मुलीचा निकाह तोंडावर आला होता. मी म्हटलं, "चाचा, गेल्या वर्षीच्या परवान्यावर साल बदला आणि द्या. कोण बघतंय!"

"चेकपोस्टवाला बघतोय. शिकार त्याची नि जेल माझी? नाय जमायचा!" बोलले खरे, पण त्या दिवशी डबा तसाच परत नेला. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी कफील पुन्हा परवान्यावरून भडकला, तेव्हा मला राहवेना. बोलून गेलो, "शेख, यांच्या मुलीचं लग्न आहे हो!"

ड्रॉवर उघडून कफीलने पासपोर्ट टेबलावर आपटला. "वेडा आहेस का, हसन? मलाही मुली आहेत! आधी का नाही बोललास?"

चाचांनी पासपोर्ट खिशात घातला. म्हणाले, "सुट्टीच्या अर्जात कारणाला एकच ओळ होती, शेख. तीत 'घरगुती' एवढंच बसलं."